सीझनच्या सुरुवातीला ‘घरचं मैदान’ खरंच कामाला येतं का? प्रीमियर लीगच्या ५० मॅचचा हिशोब

ऑगस्ट २०१७. लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर क्लबचं जुनं स्टेडियम पाडलं होतं आणि नवं अजून बांधून व्हायचं होतं. त्यामुळे पूर्ण सीझनच्या घरच्या मॅच वेम्बलीवर खेळायचं ठरलं. पहिली मॅच चेल्सीशी, १-२ ने हरले. दुसरी बर्नलीशी, १-१ ड्रॉ. तिसरी स्वान्सीशी, ०-०. गंमत म्हणजे याच महिना-दीड महिन्यात ते बाहेर जाऊन न्यूकॅसलला २-०, एव्हर्टनला ३-० आणि वेस्ट हॅमला ३-२ असं हरवून आले.

झालं. वेम्बलीला शाप आहे, मैदान फार मोठं आहे, प्लेअर्सना ते घर वाटतच नाही, अशी चर्चा सुरू झाली. आदल्या वर्षी हीच टीम आपल्या जुन्या मैदानावर १९ पैकी १७ मॅच जिंकली होती आणि एकही हरली नव्हती, त्यामुळे थिअरी पटण्यासारखीही होती.

मे २०१८ मध्ये सीझन संपला तेव्हा टॉटनहॅमचा वेम्बलीवरचा रेकॉर्ड होता १३ विजय, ४ ड्रॉ आणि फक्त २ पराभव. टीम तिसरी आली.

मग ऑगस्टमध्ये जे दिसलं ते काय होतं? दरवर्षी सीझन सुरू झाला की हा प्रश्न नव्याने येतो. कुठली तरी टीम घरी पहिली मॅच हरते आणि ‘किल्ला ढासळला’ अशा पोस्ट फिरतात. कुठली तरी नवी टीम घरी जिंकते आणि ‘इथे येऊन कुणीच जिंकणार नाही’ असे रील्स येतात. फँटसी खेळणारे तर पहिल्या आठवड्यात कॅप्टन निवडताना सगळ्यात आधी मॅच घरी आहे की बाहेर तेच बघतात. म्हणून म्हटलं, एकदा नीट मोजूनच बघू.

आधी बेसिक: होम अ‍ॅडव्हांटेज असतो का?

असतो. यात वाद नाही. इंग्लंडची फुटबॉल लीग १८८८ मध्ये सुरू झाली आणि त्या शतकाच्या अखेरीस दहापैकी सहा मॅच घरची टीम जिंकायची. तेव्हापासून हा फायदा हळूहळू कमी होत आलाय. प्रवास सोपा झाला, मैदानं सारखी झाली, रेफरिंग सुधारलं. तरी आजही प्रीमियर लीगचा गोल आकड्यातला हिशोब असा आहे: घरची टीम १०० पैकी साधारण ४५ मॅच जिंकते, २५ ड्रॉ होतात, ३० पाहुणी टीम जिंकते.

हा फायदा येतो कुठून, याचं सगळ्यात चांगलं उत्तर कोविडने दिलं. १६ मे २०२० ला जर्मनीची बुंडेसलीगा रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली. त्या पहिल्या फेरीत ९ मॅच झाल्या आणि घरच्या टीमने जिंकलेली मॅच होती फक्त एक, डॉर्टमंडने शाल्केला ४-० हरवलं ती. पुढचा पूर्ण सीझन, म्हणजे २०२०-२१, इंग्लंडमध्ये जवळपास प्रेक्षकांशिवाय झाला. ३८० मॅचपैकी घरच्या टीमने १४४ जिंकल्या आणि पाहुण्या टीमने १५३. इंग्लंडच्या टॉप लीगमध्ये पाहुण्यांनी जास्त मॅच जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. लिव्हरपूल घरी ६८ लीग मॅच हरलेलं नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये बर्नलीने तो रेकॉर्ड मोडला आणि मग लिव्हरपूल अ‍ॅनफिल्डवर सलग सहा लीग मॅच हरलं. मँचेस्टर युनायटेड त्या सीझनमध्ये बाहेर एकही लीग मॅच हरलं नाही.

मैदान तेच, गवत तेच, ड्रेसिंग रूम तीच. गेले होते फक्त लोक.

आपल्याकडे तर त्याच काळात ‘घर’ हा शब्दच कागदावर उरला होता. २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग पूर्णच्या पूर्ण गोव्यात झाली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को, तीन मैदानं आणि सगळ्या टीम्स बायोबबलमध्ये. त्या वर्षी ट्रॉफी नेली मुंबई सिटीने, तीही गोव्यातल्या मैदानावर ‘होम’ मॅच खेळून. एफसी गोवा खऱ्या अर्थाने घरी होती, पण स्टँडमध्ये गोंयकार नसतील तर त्या घराचा उपयोग काय? सेमी फायनलमध्ये मुंबईनेच त्यांना पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवलं.

प्रेक्षक नेमकं काय करतात?

आपल्याला वाटतं की ओरडण्याने प्लेअर्सना जोर येतो. थोडाफार येतही असेल. घरच्या मॅचआधी प्लेअर्सच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन जास्त असतं असं इंग्लंडमधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. पण जास्त भक्कम पुरावा वेगळ्याच माणसाकडे बोट दाखवतो. तो म्हणजे रेफरी.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. ४० रेफरींना लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर या मॅचमधले ४७ प्रसंग व्हिडिओवर दाखवले आणि विचारलं, फाऊल आहे का? काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, बाकीच्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या रेफरींनी घरच्या टीमविरुद्ध साधारण १५ टक्के कमी फाऊल दिले. व्हिडिओ तोच. स्पेनच्या लीगवर झालेल्या अभ्यासात दिसलं की घरची टीम एका गोलने मागे असेल तर रेफरी एक्स्ट्रा टाइम जास्त देतात आणि एका गोलने पुढे असेल तर कमी. आणि कोविडमध्ये आवाज गेला तेव्हा पाहुण्या टीमला मिळणारी पिवळी कार्डं लक्षणीय कमी झाली.

यात रेफरी विकला गेलाय वगैरे काही नाही हं. चाळीस हजार माणसं एकदम ‘ए!’ करून उठली की क्षणभर कुणाचाही हात शिट्टीकडे जाईल.

आता मुद्दा नीट बघा. फायदा मुख्यतः लोकांकडून आणि रेफरीकडून येत असेल तर तो पहिल्या आठवड्यापासूनच असायला हवा. उलट सीझनची पहिली घरची मॅच म्हणजे तीन महिने वाट पाहिलेले लोक, ऊन, नवी जर्सी, फुल स्टेडियम. आवाज कमी असण्याचं काहीच कारण नाही.

दुसरी बाजूही आहे. ऑगस्टमध्ये टीम अजून ‘टीम’ झालेली नसते. नवा मॅनेजर, तीन-चार नवे प्लेअर्स. घरच्या मैदानाची सवय असण्यात जो फायदा असतो, तो महिन्याभरापूर्वी आलेल्या माणसाला मिळेलच असं नाही. अमेरिकेतल्या बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या टीम्सवर झालेल्या अभ्यासात, नव्या स्टेडियममध्ये गेल्यावर पहिल्या सीझनला घरचा फायदा साधारण पाव हिश्शाने घटलेला दिसला होता. म्हणजे ओळखीचं मैदान असणं यालाही काही किंमत आहे. टॉटनहॅमच्या केसमध्ये हेच कारण पुढे केलं जात होतं. एव्हर्टनचं मात्र उलटं झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये ते गुडिसन पार्क सोडून नव्या हिल डिकिन्सन स्टेडियममध्ये गेले आणि पहिल्याच लीग मॅचमध्ये ब्रायटनला २-० हरवलं.

दोन थिअरी, दोन्ही पटणाऱ्या. मग मोजायलाच हवं.

पाच वर्षं, ५० मॅच

प्रेक्षक परत आल्यापासूनच्या पाच सीझनची फक्त पहिली फेरी घेऊ. प्रत्येकी १० मॅच.

२०२१: घरचे विजय ७, ड्रॉ ०, पाहुण्यांचे विजय ३
२०२२: ४, २, ४
२०२३: ४, ३, ३
२०२४: ४, २, ४
२०२५: ५, ३, २

बेरीज: घरचे विजय २४, ड्रॉ १०, पाहुण्यांचे विजय १६. म्हणजे ४८ टक्के, २० टक्के, ३२ टक्के.

पूर्ण सीझनशी तुलना केली तर २०२१-२२ ते २०२४-२५ या चार सीझनमध्ये घरच्या विजयांचं प्रमाण साधारण ४१ ते ४८ टक्क्यांच्या मध्ये फिरत होतं. म्हणजे पहिल्या फेरीतला आकडा त्याच पट्ट्यात बसतो. सुरुवातीला घरच्या मैदानाचा फायदा गायब होतो असं म्हणायला यात काही नाही, आणि सुरुवातीला तो दुप्पट असतो असं म्हणायलाही नाही.

पण थांबा, ५० हा आकडा ऐकायला बरा वाटतो, तरी तो लहान आहे. ५० मॅचमध्ये ४८ टक्के दिसले तर खरा आकडा ३४ पासून ६२ पर्यंत कुठेही असू शकतो. इतक्या रुंद फटीतून ‘होम अ‍ॅडव्हांटेज वाढला’ आणि ‘संपला’ दोन्ही बातम्या आरामात आत येतात.

एका वीकेंडचं तर बोलायलाच नको. समजा दर मॅचला घरची टीम जिंकण्याची शक्यता ४५ टक्के आहे आणि ती कधीच बदलत नाही. तरी १० मॅचच्या एका फेरीत निव्वळ योगायोगाने ७ किंवा जास्त घरचे विजय येण्याची शक्यता १० टक्के आहे. २ किंवा कमी येण्याची शक्यताही जवळपास तेवढीच. म्हणजे ३८ फेऱ्यांच्या सीझनमध्ये चारेक वीकेंड असे येणार की वाटावं घरच्या टीमला हरवणं अशक्य आहे, आणि चारेक असे की वाटावं घरी खेळणं हीच शिक्षा आहे. यातला एखादा नेमका ऑगस्टमध्ये आला की त्यावर आठवडाभर कंटेंट चालतो. २०२१ च्या पहिल्या फेरीत ७ घरचे विजय आले तेव्हा ‘प्रेक्षक परतले आणि जादू परतली’ असं म्हणायचा मोह कुणालाही झाला असता. त्या सीझनचा शेवटचा आकडा सुमारे ४३ टक्के होता. अगदीच नॉर्मल.

सगळ्यात मोठी गडबड फिक्श्चरमध्ये

ही यादी काढताना एक गोष्ट लक्षात आली, जी मला या सगळ्या विषयात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते.

या पाचही वर्षांत मँचेस्टर सिटीने सीझनची सुरुवात बाहेर केली. टॉटनहॅम, वेस्ट हॅम, बर्नली, चेल्सी, वुल्व्हज. आणि पाचही वर्षं मँचेस्टर युनायटेडची पहिली मॅच घरी होती. लिव्हरपूल पाचपैकी चार वर्षं बाहेर, आणि त्या चारही वेळा एव्हर्टन घरी. २०२५ मध्ये लिव्हरपूल घरी आलं तर एव्हर्टन बाहेर गेलं.

हे कटकारस्थान नाही. एकाच शहरातल्या अशा दोन टीम्सच्या घरच्या मॅच एकाच वेळी येऊ नयेत म्हणून त्यांची जोडी लावलेली असते. पोलीस, ट्रेन, ट्रॅफिक सगळं एकाच दिवशी कसं झेपणार? शिवाय फिक्श्चर बनवताना आणखी नियम असतात: कुठल्याही पाच मॅचमध्ये शक्यतो ३-२ अशीच घर-बाहेर वाटणी, आणि सीझनची सुरुवात किंवा शेवट सलग दोन घरच्या किंवा सलग दोन बाहेरच्या मॅचने करायचा नाही.

परिणाम काय झाला बघा. पहिल्या फेरीतल्या १६ बाहेरच्या विजयांपैकी ४ एकट्या सिटीचे आणि २ लिव्हरपूलचे आहेत. त्यांनी बर्नलीला किंवा नॉर्विचला त्यांच्या घरी ३-० ने हरवलं यात घरच्या मैदानाचा काय दोष? तीच मॅच मँचेस्टरमध्ये असती तर कदाचित ५-० झाली असती. सिटी आणि लिव्हरपूलच्या या नऊ मॅच बाजूला काढल्या तर उरलेल्या ४१ मध्ये घरचे विजय २३ होतात, म्हणजे थेट ५६ टक्के! अर्थात, नको असलेल्या मॅच नंतर वगळून आकडा फुगवणं ही चीटिंग आहे, म्हणून ५६ हा आकडा स्क्रीनशॉट काढून फिरवू नका. दाखवायचं इतकंच की नऊ मॅच इकडच्या तिकडे केल्या आणि निष्कर्ष बदलला.

पूर्ण सीझनमध्ये हा प्रॉब्लेम येत नाही. प्रत्येक टीम प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा बाहेर खेळते, सगळं आपोआप समान होतं. तीन फेऱ्यांनंतर मात्र कुणी सिटी आणि आर्सेनलशी खेळून बसलेलं असतं, तर कुणी दोन नव्या टीम्सशी.

बरं, पॉइंट्स टेबलवर याचा किती फरक पडतो?

सोपं गणित आहे. वरचेच ४५-२५-३० आकडे घ्या. घरी एका मॅचला सरासरी १.६ पॉइंट्स मिळतात, बाहेर १.१५. फरक ०.४५.

म्हणजे तीन फेऱ्यांनंतर ज्या टीमच्या दोन मॅच घरी आणि एक बाहेर झाली ती, एक घरी आणि दोन बाहेर खेळलेल्या टीमपेक्षा सरासरी अर्ध्या पॉइंटहून कमीने पुढे असते. अर्धा पॉइंट! तेवढ्यात शेवटच्या मिनिटाला चेंडू पोस्टला लागून बाहेर गेला की दोन पॉइंट्स जातात.

सुरुवातीच्या सलग तीन मॅच बाहेर खेळाव्या लागल्या अशीही उदाहरणं आहेत. २०१६ मध्ये अ‍ॅनफिल्डच्या मेन स्टँडचं काम सुरू होतं म्हणून लिव्हरपूलने आर्सेनल, बर्नली आणि टॉटनहॅम अशा तीन मॅच बाहेर खेळल्या. एक जिंकले, एक हरले, एक ड्रॉ. सीझनअखेर चौथे आले. २०२५ मध्ये कॅम्प नूचं काम रखडल्यामुळे बार्सिलोनाने मयोर्का, लेवान्ते आणि रायो वाय्येकानो यांच्या घरी जाऊन सुरुवात केली आणि तीन मॅचमध्ये ७ पॉइंट्स घेतले. पहिली घरची मॅच तर आपल्या छोट्या योहान क्रायफ स्टेडियममध्ये खेळून व्हॅलेन्सियाला ६-० ने हरवलं.

नव्याने प्रमोट झालेल्या टीम्सचं काय?

इथे घरचं मैदान सगळ्यात जास्त गाजतं. १३ ऑगस्ट २०२१ ला ब्रेंटफर्ड ७४ वर्षांनी टॉप लीगमध्ये परतलं आणि पहिल्याच रात्री आर्सेनलला २-० हरवलं. २०२५ मध्ये संडरलंडने वेस्ट हॅमला ३-० आणि लीड्सने एव्हर्टनला १-० हरवलं. असं काही बघितलं की वाटतं, नव्या टीमच्या घरी पहिल्या दिवशी जाऊच नये.

त्याच पाच वर्षांत नव्या टीम्सनी पहिली मॅच घरी खेळली अशा ११ केसेस आहेत: ५ विजय, २ ड्रॉ, ४ पराभव. पहिली मॅच बाहेर खेळलेल्या टीम्स चार: नॉटिंगहॅम फॉरेस्ट, ल्यूटन, साउथहॅम्प्टन आणि बर्नली. चारही हरल्या.

फरक मोठा दिसतो, आणि दिशा बहुतेक बरोबरही असेल. पण चार मॅच म्हणजे चार मॅच. त्यातल्या दोन तर न्यूकॅसलमध्येच होत्या.

आणि पहिल्या दिवसाच्या विजयावरून पुढचं कळतं का? वॉटफर्डला विचारा. २०२१ मध्ये ब्रेंटफर्डच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनीही घरी अ‍ॅस्टन व्हिलाला ३-२ ने हरवलं होतं. त्याच सीझनमध्ये ते घरी सलग ११ लीग मॅच हरले आणि रेलिगेट झाले. ब्रेंटफर्ड १३ वे आले.

फँटसीवाल्यांना आणि मॅनेजरना

फँटसी खेळत असाल तर घर-बाहेर बघा, पण तो टाय तोडायला वापरा. प्रीमियर लीगमध्ये घरची टीम वर्षानुवर्षं साधारण दीड गोल करत आलीय आणि पाहुणी सव्वाच्या आसपास. पाव गोलाच्या फरकासाठी बाहेर खेळणारा चांगला स्ट्रायकर बेंचवर बसवून घरी खेळणारा मध्यम स्ट्रायकर कॅप्टन करण्यात अर्थ नाही. समोरचा डिफेन्स कुणाचा आहे हे आधी बघा. दोन प्लेअर्स अगदीच सारखे वाटले तर मग घरी खेळणारा घ्या.

आपलं फार तर फँटसीचं रँकिंग जातं. काहींची नोकरी जाते. २०१७ मध्ये क्रिस्टल पॅलेसने मॅनेजर फ्रँक डी बूर यांना फक्त चार लीग मॅचनंतर काढलं. दोन घरच्या, दोन बाहेरच्या, चारही पराभव, एकही गोल नाही. डी बूर यांचं काम वाईट नव्हतं असं मी म्हणत नाही, शून्य गोल हे शून्य गोलच असतात. पण त्यांच्या जागी आलेले रॉय हॉजसनही पुढच्या तीन मॅच हरले आणि त्यातही एकही गोल झाला नाही. क्लबने तेव्हा मात्र थांबायचं ठरवलं. आठव्या मॅचला पॅलेसने घरी चेल्सीला २-१ हरवलं आणि सीझनअखेर टीम ११ वी आली.

सप्टेंबर २०२५ मध्ये बायर लेव्हरकुसेनने एरिक टेन हाग यांना आणखी लवकर काढलं. बुंडेसलीगाच्या अवघ्या दोन मॅच झाल्या होत्या: हॉफेनहाइमविरुद्ध घरी १-२ असा पराभव आणि ब्रेमेनमध्ये बाहेर ३-३ ड्रॉ. एक घरची, एक बाहेरची.